दारापासून वेदीपर्यंत चोपन्न पावलं

आमच्या छापखान्यात तिला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. मुद्रितं तपासायचं तिचं काम. एक वेलांटी चुकली तरी नजरेतून सुटायची नाही. मी शेजारच्या टेबलावर पानं लावायचो. नावाचा तिला राग नव्हता. “अनुस्वार म्हणाला असतात तर? त्यापेक्षा हे बरं,” म्हणायची.

वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आई सतत आजारी, म्हणून थोरल्या बहिणीनं, ताईनं, तिला शिकवलं, वाढवलं. पुढे ताईचं लग्न चर्चच्या गायकवृंदाच्या संचालकाशी झालं आणि ही त्या वृंदात बायकांच्या खालच्या आवाजात गाऊ लागली. बावीस वर्षं गायली.

दर वर्षी हा वृंद तीनशे वर्षांपूर्वीची एक मोठी समूहरचना गायचा. मेलेल्या माणसासाठी केलेली प्रार्थना होती ती. पण तिचा पहिला भाग भाऊजी असा घ्यायचे की मंडळी कवायतीला निघाली आहेत असं वाटावं. लय जलद, आणि पुरुषांना खालचे स्वर सहज लागत नाहीत म्हणून पट्टी एक स्वर वर. पावणेदोन मिनिटांत खेळ खलास. “शब्द दयेची भीक मागतायत आणि आम्ही बस पकडायला धावतोय,” ती मला एकदा म्हणाली.

मग एकदा चर्चचं कपाट आवरताना तिला त्या रचनेच्या जुन्या हस्तलिखित वह्या सापडल्या. मूळ पट्टी खालची होती. कोमल गंधार घशात नाही, छातीत वाजावा इतकी खालची. आणि समासात फिक्या शाईत कुणीतरी लिहिलं होतं, ‘हळू. शवपेटी दारातून वेदीपाशी पोचेपर्यंत पुरलं पाहिजे.’

त्यानंतर तिला चैन पडेना. चर्चच्या राखणदारानं तीस वर्षं शवपेट्यांना खांदा दिला होता. तिनं त्यालाच गाठलं.

“पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं,” तो म्हणाला. “घाई केली तर पेटी हिंदकळते.”

दोघांनी एक लांब बाक उचलला आणि दारापासून वेदीपर्यंत नेला. एकदा नाही, चार वेळा. चारही वेळा चोपन्न पावलं भरली आणि घड्याळात तीन मिनिटं झाली. वहीत त्या भागाची आवर्तनंही चोपन्नच! एका पावलाला एक आवर्तन. दुसऱ्या दिवशी ती हातावर फोड घेऊन कामाला आली आणि दिवसभर मला हेच सांगत राहिली.

तिनं आठ पानं लिहून ताईच्या घरी नेली. भाऊजींनी उभ्याउभ्याच चाळली. “लोक घोरायला लागतील गं,” ते हसले. “ठेव इथं, बघतो.” ताई चहा गाळत होती. तीही हसली.

वर्षभर कुणी तो विषय काढला नाही. मग वार्षिक कार्यक्रमाची पुस्तिका आमच्याकडे छपाईला आली आणि मुद्रित नेहमीप्रमाणे तिच्या टेबलावर गेलं. थोड्या वेळानं मी सहज पाहिलं, तर तिची पेन्सिल एका जागी थांबलेली.

“काय झालं?”

तिनं पान माझ्याकडे सरकवलं. लेख भाऊजींच्या नावावर होता. जुन्या वह्या, खालची पट्टी, समासातली ओळ, सगळं त्यात होतं. आणि पुढे, ‘राखणदाराला हाताशी धरून मी स्वतः बाक वाहून नेला.’

“भाऊजींनी आयुष्यात खुर्ची उचललेली नाही,” ती म्हणाली. हसायला गेली, पण हसू आलं नाही.

शेवटी टंकलेखनाबद्दल ताईचे आभार होते. ते वाचून तिचा चेहरा उतरला.

लेखात पावलं पंचेचाळीस छापली होती. मी म्हटलं, “राहू दे तशीच. होऊ दे शोभा.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या पानांकडे वळलो. पंचेचाळीस खोडून तिनं चोपन्न केलं, खाली सही केली आणि अर्धी रजा टाकून तडक ताईकडे गेली.

तिथं काय झालं ते तिनंच मला सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“तू टाइप केलंस. तुला माहीत होतं.”

“अगं, तुझ्या नावानं कोण वाचणार होतं? त्यांच्या नावानं निदान लोक ऐकतील तरी. घरातच राहिलं ना?”

“मला विचारायचं तरी.”

“तू नाही म्हणाली असतीस,” ताई म्हणाली आणि पुढची घडी घालायला लागली.

कार्यक्रमात ती गायली नाही. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसली. भाऊजींनी हात उचलला आणि ते खालचे स्वर इतक्या संथपणे आले की सभागृहात कुणी हललंसुद्धा नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण डोळ्यांसमोर कुणाला तरी उचलून नेत होते. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “बरोबर आहे,” ती पुटपुटली, “लय अगदी बरोबर घेतलीय मेल्यानं.”

नंतर भाऊजींभोवती गर्दी झाली. राखणदार घुसला आणि मोठ्यानं म्हणाला, “साहेब, बाक तर मी आणि तुमच्या मेव्हणीनं उचलला होता की!”

भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “हो हो, घरच्या सगळ्यांनीच हातभार लावला.” लोक कौतुकानं हसले. ताई खाली बघत राहिली. तिनं एक शब्द काढला असता तरी पुरलं असतं.

कानामात्रानं वृंद सोडला. कुणी विचारलं तर घसा बसतो म्हणते. दोघी बहिणी आईकडे भेटतात, औषधांच्या वेळा वाटून घेतात, डॉक्टरांचं बोलतात. आईनं एकदा विचारलं, “हल्ली गात नाहीस का गं?” तेव्हा ताई उठून पाणी आणायला गेली.