फाटकाजवळचे कांदे

"माले नका इचारू, जमीनले इचारा," म्हणत ती खुरप्याचं टोक मातीकडे करायची. समोर साहेब असो की ठेकेदार, उत्तर हेच. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांना नोकरीवर ठेवणं अवघड आणि विसरणं त्याहून अवघड.

सुरतजवळ इच्छापोरच्या आमच्या कापडाच्या कारखान्यात ती बाग सांभाळायची. साक्रीकडची. सगळे तिला मावशी म्हणायचे. मीही खानदेशातलाच, राहायला नवागामला. घरी अहिराणी, पण ऑफिसात मी मोठा हिंदी-गुजरातीवाला. ती अहिराणीत बोलली की मी इकडंतिकडं बघून हिंदीत उत्तर द्यायचो. "तुनी जिभले चटका बसना का रे भाऊ?" म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी शेठच्या सूनबाईंनी परदेशी कंदांचं खोकं मागवलं. खोक्यावर चित्र होतं, लांब दांड्यावर जांभळा गोल गोंडा. फाटकाजवळच्या वाफ्यात कडेकडेने ते लावायचे होते. मावशीनं एक कंद नखानं सोलला, हुंगला.

"हाऊ तं कांदा शे. याले कडक थंडी लागस. सुरतमा सडी जाई."

"तू लगा. दिमाग मत चला," मॅनेजर म्हणाला.

तिनं लावले, अगदी सांगितले तसे. महिन्याभरात सगळे सडले. त्यातला एक लिबलिबीत कंद तिनं नेऊन मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. होळीच्या आधी सूनबाई पाहुणे घेऊन येणार होत्या, म्हणून त्याची पाचावर धारण बसली. तोवर फुलं दिसली नाहीत तर घरी बस, असं त्यानं तिला बजावलं.

मावशी गावाला गेली आणि पिशवीभर कांदे घेऊन आली. "ह्या थंडी खायेल शेतस," म्हणाली. विळ्यानं प्रत्येक कांद्याचा वरचा भाग कापला, कापलेल्या तोंडाला राख लावली आणि वीत-वीत अंतरावर लावत गेली. बागेत भाजी लावतेय म्हणून सगळे हसले. मीही हसलो. माझी आई बियाण्यासाठी दर हिवाळ्यात असेच डोंगळे लावायची, तरी हसलो.

माघात पोकळ दांडे वर आले आणि त्यांच्या टोकांवर पांढरेशुभ्र गोंडे उमलले. मधमाश्या नुसत्या तुटून पडल्या. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला.

"मैडम को बोलेंगे, वही फूल है, मिट्टी से रंग बदल गया. तू चुप रहना. नौकरी पक्की."

मीही तिला समजावलं, "मौसी, चुप रहो ना. तुम्हारा क्या जाता है?"

"कांदानं नाव जास ना," ती म्हणाली.

सूनबाई आल्या. फोटो झाले. फुलं खास बाहेरून मागवली आहेत, असं त्या पाहुण्यांना कौतुकानं सांगत होत्या. मॅनेजर माझ्याकडे वळला. "वही है ना?" मी खाली बघत मान डोलावली.

वाफ्याशी खुरपत बसलेली मावशी उठली. एक दांडा मोडला, चुरगाळला आणि सूनबाईंच्या नाकाशी धरला.

"कांदा शे, बाई. मना घरना. तुम्हना सडी गयात."

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. ती फक्त खुरपं घ्यायला आली. ते तिचं स्वतःचं होतं. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. बरोबर केलं. मी भेकड होतो, आणि ते अजून डाचतं.

वाफा उपटून तिथं हिरवळ लावली. मावशी चलथाणकडे कुणाच्या मळ्यात असते म्हणतात. फोन लागत नाही.

यंदा हिवाळ्यात गावाहून मी कांदे आणले. रोज कामाच्या अर्धा तास आधी आलो, हिरवळीची कड उकरली, कांद्यांची तोंडं कापली, राख लावली. आता फुललेत.

काल मॅनेजर तरातरा माझ्या टेबलाशी आला. "ये फिर किसने लगाया? मेहमानों को क्या बताऊँ?"

सगळं ऑफिस माना वर करून बघत होतं. मी उभा राहिलो.

"मीच लायात. कांदा शे, साहेब. मना घरना."