ब्रेकवरचा पाय

जुनी जर्मन गाडी घरात आणायची असेल तर आधी घरात दुसरा माणूस आहे का ते बघा. ऑइल एकट्याला बदलता येतं, एअर फिल्टरही एकट्याला साफ करता येतो. ब्रेकमधली हवा काढायला मात्र दोघं लागतात. एक जण चाकापाशी पाना घेऊन बसतो, दुसरा वर सीटवर बसून पेडल दाबतो. आमच्या घरात दुसरी मी. गाडी म्हाताऱ्याची, पाय माझा.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर होता. एक साहेब रिटायर होऊन आपल्या गावी निघाला, त्याची गाडी ह्याने घेतली. तेव्हा प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, आमच्या ओळीत सगळ्यांकडे स्कूटर. आमच्याकडे राखाडी रंगाची लांबलचक जर्मन गाडी, आणि तिच्यासाठी क्वार्टरच्या बाजूला पत्र्याचं शेड. माझी मुलगी जन्मली त्या दिवशी हा सेकंड शिफ्ट करून, आंघोळ करून, जेवून मग हॉस्पिटलात आला होता. गाडीच्या इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा ह्याने सुट्टी टाकली.

मला गाडी चालवायला कधी शिकवली नाही. पेडल दाबायला मात्र मीच. कुणी पाहुणा म्हणाला की वैनीला बरंच येतं गाडीतलं, तर हा हसून म्हणायचा, "पेडल दाबाले अक्कल नाई लागत. पाय लागते." पाहुणेही हसायचे. मी चहा ठेवायला आत जायची.

पण वर बसून काम कळतंच. खालचा म्हणतो "दाब", की सावकाश दोन-तीनदा दाबायचं. "धर" म्हटलं की दाबून धरायचं. मग तो चाकामागचा निप्पल, म्हणजे तेल सोडायचा छोटा स्क्रू, सैल करतो, नळीतून तेल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत जातात, पेडल पायाखाली बुडतं. बुडालं तरी पाय उचलायचा नाही. त्याने निप्पल कसून "सोड" म्हटल्यावरच सोडायचं. आधी उचललात तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ब्रेक ऑइलच्या टाकीपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं. ते तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग फुगून निघतो. आणि दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी पितं.

बाकी ह्या गाड्यांचं लोखंड मरत नाही, रबर आणि प्लास्टिक मरतं. आमच्याकडचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. रेडिएटरची प्लास्टिकची मान बिस्किटासारखी तुटते. म्हणून साधं पाणी भरू नका, कूलंट भरा, आणि उन्हाळा लागायच्या आधी प्रत्येक पाइप दाबून बघा. कडक लागला किंवा दाबल्यावर भेगा दिसल्या तर बदला. रस्त्यात फुटेल तेव्हा बदलू म्हणणारे रस्त्यातच बसतात. मी बसलेली आहे, राजनांदगावच्या वाटेवर, नवी साडी नेसून.

तर म्हाताऱ्याला शुगर झाली. गोळ्या खायचा आणि जिलेबीही खायचा. दर महिन्याला डॉक्टर पायाचं विचारायचा, हा म्हणायचा पाय एकदम फर्स्ट क्लास.

एकदा मे महिन्यात आम्ही पावर हाउस नावाच्या बाजारात गेलो. हा पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. त्याच्या उजव्या पायातली चप्पल रस्त्यावर राहिली आणि हा तसाच पुढे चालत गेला. डांबर तापलेलं. मी चप्पल उचलली आणि हाक मारली नाही. बघू म्हटलं कुठवर जातो. तो भाजीवाल्यांची ओळ संपेपर्यंत गेला, भाव विचारले, दुधी नखाने टोचून बघितला. शेवटी दुकानदारानेच सांगितलं, काका, चप्पल. घरी आल्यावर तळव्याला मोठा फोड होता. मी विचारलं दुखतं का, तर म्हणाला, "मोठ्या माणसाले असं काई दुखत नसते."

तेव्हाच माझ्या मनात आलं, हा आता ब्रेक कुठल्या पायाने दाबणार?

म्हटलं त्याला. सरळ म्हटलं, "तुमचे पाय मेले आहेत. गाडी बंद करा."

"तुले काय समजते गाडीतलं?"

"पायातलं समजते."

"तू आपला स्वयंपाक कर."

पावसाळा संपता संपता त्याने बाजारात एका पेरूवालीच्या हातगाडीला धडक दिली. मी शेजारीच बसले होते. गाडी हळूच होती, पण थांबली नाही, उलट जोर करून पुढे गेली. पेरू सगळीकडे. ती बाई ओरडली, "दिखय नहीं का, डोकरा!" हा काच खाली करून म्हणाला, "ब्रेक फेल हो गया, बाई." नुकसान भरून दिलं आणि घरी येईपर्यंत ब्रेकला शिव्या देत होता. तो आत गेल्यावर मी सीटवर बसून पेडल दाबलं. इंजिन बंद ठेवून दोन-चारदा दाबायचं. हवा असेल तर पेडल स्पंजासारखं खाली जातं. हे दगडासारखं होतं.

दिवाळीला मुलगी येणार होती, नागपूरहून, नातीला घेऊन. नात पाच वर्षांची. म्हाताऱ्याने फोनवर तिला कबूल केलं, "दुर्ग स्टेशनावर आजोबा घ्याले येतीन. तुले पुढच्या सीटवर बसवतो. सायरनसारखा हॉर्न वाजवू आपण." ती किंचाळली.

मी नंतर मुलीला फोन केला. सांगितलं बापाच्या पायाला कळत नाही, गाडीत बसू नको. ती म्हणाली, "आई, तुले त्या गाडीचा पहिल्यापासून रागच आहे."

राग आहेच. पण रागाने पाय सुन्न होत नाही. माझं कुणी ऐकत नव्हतं आणि ह्याचं सगळे ऐकत होते. म्हणून ठरवलं, जे करायचं ते ह्याच्या लोकांपुढे करायचं.

ह्याचे लोक म्हणजे दोघं. एक रेल्वेतून रिटायर झालेला, दुर्गच्या पद्मनाभपुरात राहणारा, नागपूरकडचा आपला माणूस. दुसरा आमच्याच ओळीतला, प्लांटमधला जुना सोबती, हिंदीत बोलणारा. रविवारी सकाळी दोघं यायचे, शेडमध्ये खुर्च्या टाकून बसायचे, बोनेट उघडून त्यात डोकी घालायची. मी चहा द्यायची.

त्या रविवारी म्हाताऱ्याने जाहीर केलं की दिवाळीच्या आधी ब्रेकची हवा काढायची आहे, फार हवा भरली आहे. बाजारातली गोष्ट त्याने दोघांना सांगितली होती, ब्रेक फेल झाल्याची. रेल्वेवाल्याने मागचं डावं चाक काढून दिलं, गाडी स्टँडवर ठेवली. जॅकच्या भरवशावर कधी बसू नका, खाली स्टँड लावा. मग म्हाताऱ्याने मला हाक मारली, "चाल वं, बस वर."

मी म्हटलं, "आज माझा गुडघा धरला आहे. वर चढवत नाही. तुमी बसा वर, मी खाली पाटावर बसतो. निप्पलच खोलाचा आहे."

हा थांबला. मला दिसलं की थांबला.

"तुले जमन का?"

"तुमाले पेडल दाबाले तं जमन ना? पाय तं फर्स्ट क्लास आहेत."

हिंदीवाला हसला, "जाओ भैया, आज भाभी मिस्त्री, आप हेल्पर."

दोघांसमोर नाही म्हणता आलं नाही. हा जाऊन सीटवर बसला. मी पाटावर बसले, निप्पलला नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं.

"दाबा."

"दाबला."

"धरा."

"धरला."

खोलला. तेल आलं, स्वच्छ, एक बुडबुडा नाही. पुन्हा निप्पल कसला. दुसऱ्यांदाही आलं. कारण तो खाली बघून पाय ठेवत होता. मी घाई केली नाही. रेल्वेवाला उघड्या दाराशी उभा होता, त्याला मी विचारलं, "भाऊजी, तुमच्या पेन्शनच्या त्या कागदाचं काय झालं?" एवढं पुरे होतं. रेल्वेवाला सुरू झाला, म्हातारा त्याला सल्ला द्यायला लागला, आणि त्याची नजर वर गेली.

"दाबा," मी म्हटलं.

"दाबला. तू त्या बाबूले सरळ भेट ना, अर्ज काय करते..."

"धरा."

"धरला ना."

खोलला. नळीत काहीच नाही. लगेच कसला.

"दाबा नीट."

"दाबला ना बाई! किती दाबू? तळाले लागला."

"तेल येत नाही."

"मग तुले खोलता येत नसन! म्हणूनच म्हणतो, हे बाईचं काम नाही. भाऊ, जरा बघ रे, कोणत्या बाजूले फिरवून राहिली ही."

रेल्वेवाला माझ्याकडे यायला वळला आणि वळता वळता त्याची नजर खाली गेली. तो तिथेच थांबला. हिंदीवाल्याने वाकून बघितलं आणि त्याला ती गंमत वाटली. "अरे भैया! वो तो रेस दबा के बैठे हो!"

म्हाताऱ्याने खाली बघितलं. पाय ब्रेकवर नव्हता, शेजारच्या रेसच्या पेडलवर होता, पूर्ण दाबलेला.

इथे मी थांबायला हवं होतं, असं माझी मुलगी म्हणते. मी थांबले नाही. उठले, तेलाचे हात पदराला पुसले, दाराशी गेले. म्हटलं, "वर बघा. माझ्याकडे."

"नाटक बंद कर."

"वर बघा." मी रिंग पान्याने त्याच्या उजव्या पायाचं बोट ठोकलं, हळू नाही. "कोणतं बोट?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा ठोकलं. हिंदीवाल्याचं हसू गेलं.

"अंगठा," म्हातारा म्हणाला.

करंगळी होती.

"पेरूवालीच्या गाडीले ब्रेक नाही लागला ना तुमचा?" मी म्हटलं. "ब्रेक काय करन? त्याले कुणी दाबलंच नाही. आता नातीले पुढे बसवा आणि गाडी चालवताना खाली पायाकडे बघत चला."

रेल्वेवाला म्हणाला, "वैनी, बस झालं." त्याने चाक चढवलं, बोल्ट कसले, गाडी खाली घेतली. चहा न घेता दोघं गेले.

दुपारी म्हातारा जेवला नाही. मी जेवले. भांडी घासत होते तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात आला. इतक्या वर्षांत तो त्या दारात ताट मागायला सोडून कधी आला नव्हता.

"एक ऐक," तो म्हणाला. "त्या दोघायले सांग, पेडल सैल होतं. लायनीत अडकलं होतं काहीतरी. म्हणून असं झालं. एवढं सांग."

"पेडल ठीक आहे."

"मले माहीत आहे. तू फक्त सांग. नाही चालवत मी. पण सांग."

आवाज बारीक झाला होता. मी कढई पालथी घातली. मी तसं सांगितलं असतं तर तो दोन रविवार गप्प बसला असता. तिसऱ्या रविवारी ह्याच दोघांनी म्हटलं असतं, चला भैया, ब्रेक तर नीट झाला, एक चक्कर मारू.

"नाही सांगत," मी म्हटलं.

तो तिथेच उभा राहिला. मी नळ सुरू केला.

त्याने संध्याकाळी मुलीला फोन लावला, ब्रेकचं काम निघालं म्हणून सांगायला. मी फोन त्याच्या हातातून घेतला. "ब्रेक ठीक आहे. तुझ्या बापाचे पाय गेले. ऑटो करून ये." आणि ठेवला.

ती ऑटोने आली. नातीने दोन दिवस आजोबांशी कट्टी केली. मुलगी मला आत नेऊन म्हणाली, "चारचौघात कराची काय गरज होती, आई? एकट्यात सांगता आलं असतं."

"एकट्यात सांगितलं होतं. तुले पण."

ती गेल्यावर म्हाताऱ्याने स्वतःच रेल्वेवाल्याला सांगितलं की गाडी घेऊन जा. मला विचारलं नाही. रेल्वेवाला सकाळी आला, कागद झाले, हा त्याला एक एक सांगत होता. डिझेल गाडी आहे, थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय सेल्फ मारू नको, समोरचा लाइट विझू दे. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नको. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची काळी तार काढून ठेव. सगळं बरोबर सांगितलं.

मग सीटवर बसला आणि म्हणाला, "शेडमधून बाहेर मीच काढून देतो. फक्त एवढंच."

रेल्वेवाला माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे बघून काय होणार? ह्याने सेल्फ मारला, इंजिन लागलं. मागे गेट उघडं, गेटबाहेर रस्त्यावर ओळीतली पोरं क्रिकेट खेळत होती.

मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. बंपरला लुगडं लागेल इतकी जवळ.

"हट तिथून!" तो आतून ओरडला.

"कावून? ब्रेक आहे ना? घ्या मागे."

"वैनी, पागल झाल्या का!" रेल्वेवाला धावला. मी त्याला हात दाखवून थांबवलं.

त्याने रिव्हर्स टाकला. मागचा पांढरा दिवा लागला. तो मागे घेणार नाही याची मला खात्री नव्हती, एवढं खरं सांगते. पण पोरांच्या आणि त्याच्या मध्ये कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. डोळे माझ्यावर आले. मग खाली पायाकडे गेले. पुन्हा माझ्यावर. पुन्हा खाली. दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. गाडी थरथरत उभी होती आणि धूर माझ्या पायांवर येत होता.

त्याने इंजिन बंद केलं.

दार धरून उतरला. किल्ली माझ्या हातात दिली नाही, रेल्वेवाल्याच्या हातात दिली आणि तिथल्याच खुर्चीवर बसला. मी बाजूला झाले. रेल्वेवाल्याने गाडी झटके देत बाहेर काढली, एकदा बंदही पाडली. हा खुर्चीवरून ओरडला, "क्लच हळू सोड! हळू!" गाडी वळली, गेली, तरी तो तिकडेच बघून एकदा म्हणाला, हळू.

मी झाडू आणला आणि शेड झाडायला घेतलं. त्याच्या खुर्चीपाशी आल्यावर म्हटलं, पाय वर घ्या.