वेशीतला लाल तोंडाचा देव

डॉक्टरांनी मुलीचं दुसरं ऑपरेशन पुढे ढकललं, त्या दिवशी मी देवाचं नाव घेणं सोडून दिलं. रागाने सोडलं असंही नाही. नामस्मरणाला बसले की ओठ हलायचे, पण आत काहीच उमटायचं नाही. आपण बोलतोय ते कुणी ऐकतंय, असं वाटेनासं झालं होतं.

आम्ही आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे. कांदा, बटाटा आणि दोन गाई हा आमचा संसार. मुलगी हुशार निघाली आणि डॉक्टर व्हायला चीनमधल्या एका जुन्या शहरात गेली. तिच्या पदवीच्या समारंभाला जायचं म्हणून मी हौसेने पासपोर्ट काढून ठेवला होता. यजमान म्हणाले, "तूच जा, म्या काय करू तिकडं, गाई कोन बघंल?" त्या पासपोर्टावर मी समारंभाआधीच गेले. कॉलेजातून परतताना रस्त्यात एका गाडीने मुलीला उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं आणि पोटातही मार होता.

मी पोचले तोवर पोटाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. पायाचं बाकी होतं आणि त्याला रक्त लागणार होतं. मुलीचा रक्तगट निगेटिव्ह. आपल्याकडे असं रक्त कमीच मिळतं, पण खटपट केली तर मिळतं. त्या देशात मात्र ते शेकड्यात एखाद्याचंही नसतं, असं मला तिथं गेल्यावर कळलं. साठ्यात होतं ते पहिल्या ऑपरेशनला संपलं होतं. डॉक्टर मंडळी चारी दिशांना फोन करत होती, पण रक्त येईपर्यंत पायाला हात लावता येत नव्हता. इकडे मुलीला ताप चढू लागला होता. माझं रक्त पॉझिटिव्ह. जुळत होतं ते तिच्या वडिलांचं, आणि त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. फोनवर त्यांचा आवाज फुटला. "अगं, गावात शिबीर झालं की पयला माजा नंबर आसतो. आन् आज पोरीला पायजे तर म्या हितं गोठ्यात बसलोय."

मुलीची मैत्रीण तबस्सुम जुन्नरची, तिच्याच वर्गातली. तिला तिथली भाषा येत होती. माझं खाणंपिणं, डॉक्टरांशी बोलणं, सगळं तीच बघायची. त्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "काकू, तुमी जरा बाहेर चालून या. किती वेळ त्या आयसीयूच्या काचेला डोकं लावून उभ्या राहाल? मी बसते ना हिच्यापाशी."

दवाखान्यापासून जवळच जुन्या शहराचा तट होता. मी तटाच्या कडेने चालत राहिले आणि एका भल्यामोठ्या दरवाजाशी पोचले. आपल्या वेशीच्या कितीतरी पट मोठा. आत गेल्यावर भिंतींनी वेढलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला एक लहानसं देऊळ. उघड्या दारातून आतल्या मूर्तीचं लाल तोंड दिसलं आणि माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाले, "अगं बाई, मारुती!"

जवळ गेले तर मारुती नव्हता. छातीवर रुळणारी काळी दाढी, अंगात हिरवा झगा, हातात लांब दांड्याचं पातं. डोळे अर्धवट मिटलेले, पण नजर जागी. कुणी परका वीर होता. या देवाला आपण हात जोडावेत का, चालतं का, असले विचार क्षणभर आले. मग मी पायरीवर बसले. मागितलं काही नाही. नुसती रडले. मुंबईच्या विमानतळापासून साठलेलं सगळं तिथं सांडलं.

देवळात झाडलोट करणारी एक म्हातारी बाई बाहेर आली. तिने मला बघितलं. आत जाऊन पेलाभर गरम पाणी आणलं, माझ्या हातात दिलं आणि शेजारी बसली. माझं रडं ओसरल्यावर तिने तिचा मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. तिकडे बोललेलं भाषांतर करून सांगणारे मोबाईल सगळ्यांकडेच असतात. मी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, मुलगी दवाखान्यात आहे, तिला निगेटिव्ह रक्त पाहिजे, मिळत नाही.

मोबाईलने तिला काय सांगितलं देव जाणे. ती ताडकन उठली. "पांडा! पांडा!" असं काहीतरी तिच्या मोबाईलमधून ऐकू आलं. मी गोंधळले. मला वाटलं, माझं बोलणं काहीच्या काही होऊन पोचलं. तेवढ्यात तिने कुणालातरी फोन लावला आणि भरभर बोलू लागली. मी घाबरून तबस्सुमला फोन केला आणि तिला म्हातारीशी बोलायला दिलं. दोघींचं बोलणं बराच वेळ चाललं. मग तबस्सुम फोनवर माझ्याशी बोलू लागली, तेव्हा ती हसत होती की रडत होती ते कळेना.

"काकू, इथं या रक्ताला पांडाचं रक्त म्हणतात. पांडासारखं दुर्मीळ म्हणून. या आजींच्या दिराचं तसलंच रक्त आहे. त्या लोकांचा या शहरात गट आहे, एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जातात. आजींनी दिराला सांगितलंय. तो सगळ्यांना कळवतोय. काकू, ते निघालेत!"

संध्याकाळपर्यंत काहीजण रक्तकेंद्रात पोचले. त्यात म्हातारीचा दीर होता, शेवयांचं दुकान चालवणारी एक बाई होती आणि बस चालवणारा एक जण होता, तो कामावरून थेट तसाच आला होता. त्यांना आमचं गाव नकाशावर शोधायला सांगितलं असतं तरी सापडलं नसतं. दुसऱ्या दिवशी रक्त दवाखान्यात आलं आणि ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन तबस्सुमशी बोलले. ती मला सांगायच्या आतच तिचा चेहरा बघून मला समजलं. मी भिंतीला टेकले. कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला.

मुलगी शुद्धीवर आली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू एकटी विमानानं आलीस? पट्टा कुणी लावून दिला तुला?" मी हसले, ते थांबेचना. यजमानांना फोनवर सांगितलं, तेव्हा मागे गाई हंबरत होत्या. ते म्हणाले, "बरं झालं. लई बरं झालं."

मुलगी काठी घेऊन उभी राहू लागल्यावर मी तबस्सुमला घेऊन देवळात गेले. हा देव कोण, ते म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, हा फार जुन्या काळचा योद्धा, ग्वान यू. रक्ताचं नातं नसलेल्या दोघांना त्याने भाऊ मानलं आणि दिलेला शब्द मरेपर्यंत पाळला. म्हणून लोकांनी त्याला देव केलं. पूर्वी शहरांच्या दरवाजांशी त्याची अशी देवळं असायची. कितीतरी दरवाजे पडले, त्यांच्याबरोबर देवळंही गेली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला वरच्यावर धरलं आणि पुन्हा गरम पाणी आणायला आत गेली.

त्या दुपारी माझी पावलं तिकडे का वळली, हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही आणि द्यायचंही नाही. मला एवढंच ठाऊक आहे की आयुष्यभर मी देवापुढे मागणी घेऊन उभी राहिले. त्या दिवशी माझ्याकडे मागणीही उरली नव्हती, विश्वासही नव्हता. मी फक्त बसले. बाकीचं माझ्या हातात नव्हतंच. ते कधीच नसतं, हे मात्र मला तिथं कळलं, आणि कळल्यावर भीती वाटण्याऐवजी हलकं वाटलं.

आता लोणीत रोज दिवेलागणीला मी देवापुढे बसते. नामस्मरण पुन्हा सुरू झालंय, ओठांबरोबर आतही उमटतं. शेवटी त्या माणसांची आठवण काढते. त्यांची नावं मला अजून धड उच्चारता येत नाहीत. मग मी एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणते, आणि तेवढा वेळ हात जोडलेले ठेवते.