शेजारच्या खालांचं रोप

पदवीनंतर नोकरी लागली आणि मी आईला गावाहून पुंडलिकनगरात आणलं. इथं तिची ओळख फक्त शेजारच्या खालांशी. त्यांनी तिला गुलाबासारखं दिसणारं, जाड पानांचं रोप दिलं. तुळशीला घालून उरलेलं पाणी आई रोज त्यालाही घालायची. ते बुडातून कुजलं. आई लाजेनं खालांना टाळू लागली, म्हणून मीच कुंडी घेऊन गेलो.

"अम्मीनं लईच लाड केले याचे!" खाला हसल्या. धड पानं खुडून त्यांनी कोरड्या मातीवर नुसती ठेवली. "कोंब फुटेपर्यंत पाणी नक्को."

आई तांब्या घेऊन कुंडीपाशी थबकायची, मन आवरून परतायची. एके सकाळी पानाच्या देठाशी इवलं रोप दिसलं. मला सांगायच्या आधी ती खालांच्या दारात पोचली होती. मी कामावर असताना आता ती एकटी नसते. खालांचे हे उपकार मोठे आहेत.