माझ्या पाठीमागून कोण बोललं?

या सदरातले अनुभव माझी बायको मनीषा मोठ्याने वाचून दाखवते आणि मी चहा पिता पिता तिची थट्टा करतो... हे आधीच कबूल केलेलं बरं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी प्रयोगशाळेत आहे. कोळसा, पाणी, राख यांचे नमुने तपासायचे आणि आलेले आकडे लिहायचे. जे मोजता येतं ते आहे, बाकीचं गप्पांसाठी – इतका साधा माणूस मी. हे लिहायलाही मनीषानेच बसवलंय. "माझी चेष्टा करतोस ना, मग आता तुझंही लिही," म्हणाली.

फोटोग्राफी हा माझा छंद. एक जुना डीएसएलआर, दोन लेन्स. सुट्टीच्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी, नाहीतर गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) फुलवाल्या बायका, दाढी करणारे न्हावी, पायरीवर पेंगणारे म्हातारे. ऑफिसात माझी ओळख 'फुकटचा फोटोग्राफर'. कुणाच्या मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो, कुणाच्या नातवाचं बारसं, रिटायर होणाऱ्या साहेबांचा हार घातलेला फोटो – सगळं माझ्याकडे.

या सगळ्यातून एक गोष्ट मी शिकलोय. कॅमेरा समोर आला की माणूस जागच्या जागी गोठतो. त्याला मोकळं करायला ओळखीचा आवाज लागतो. म्हणून मी नेहमी घरातल्या कुणाला तरी माझ्या मागे उभं करतो आणि सांगतो, "तुम्ही फक्त बोलत राहा." मग चेहरा उमलतो. ही माझी जुनी युक्ती. ती इथे सांगायचं कारण पुढे कळेल.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दिलीप माझ्याच विभागात आहे, मूळचा सायखेड्याचा. कॅंटीनमध्ये तो समोर येऊन बसला.

"सुहास, आईचा एक फोटो काढशील?"

"काढू की. काय, वाढदिवस आहे का?"

"नाही रे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. गालात गाठ निघाली. इतकी वर्षं मिश्री लावली ना... जबड्याचं हाड काढावं लागणार. डॉक्टर म्हणाले, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही. आणि आमच्याकडे तिचा धड एक फोटो नाही. आधार कार्डावरचा तेवढा. बाकी सगळ्या लग्नांमध्ये तोंडावर पदर."

त्या रविवारी सकाळी आठला मी त्याच्या मळ्यात पोहोचलो. गावापासून जरा लांब, कांद्याच्या वावरात एकटं घर. लांबट, स्लॅबचं, पुढे एकच ओटा, पण दारं दोन. डावीकडे दिलीपचं बिऱ्हाड. उजवीकडच्या दाराला कुलूप. "हे चुलत्यांचं," दिलीप म्हणाला. "कुणी राहत नाही आता. चुलतभाऊ चाकणला असतो."

अंगणात खुर्ची ठेवून मावशींना – म्हणजे दिलीपच्या आईला – घराकडे तोंड करून बसवलं. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं. चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलची मोठी शीट दिलीपच्या हातात दिली. मी ओट्यावर उभा राहिलो. म्हणजे माझ्या बरोबर मागे ते कुलूपबंद दार, हाताच्या अंतरावर.

मावशींनी मोरपंखी लुगडं नेसलं होतं, खास काढलेलं. डावा गाल सुजलेला. ओठ घट्ट मिटलेले.

"आई, थोडं हस ना," दिलीप म्हणाला.

"कशाला हसू? काय झालंय हसण्यासारखं?" त्या म्हणाल्या. "काढा बा लवकर. ह्या तोंडाचा काय फोटो काढायचा!"

मी एक फोटो काढला. अगदी आधार कार्डावरचाच चेहरा. दिलीपची बायको सुनीता आत चहा करत होती. तिलाच बाहेर बोलवावं आणि मागे उभं करावं असा विचार मनात आला. त्याच वेळी माझ्या उजव्या खांद्यामागून एका बाईचा आवाज आला. वयस्क, घोगरा, चांगला मोठा –

"ए चिंगे, फोटो काढू ऱ्हायलाय तो, दात नाय उपटू ऱ्हायला!"

माझा डोळा कॅमेऱ्याला होता. मावशी दचकल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. आणि मग त्या हसल्या... काय हसल्या! तोंडभर, मिश्रीने काळे पडलेले दात दाखवत, तोंडावर पदर घ्यायचंही विसरून. मी बटण दाबून धरलं. पाच-सहा फोटो निघाले.

"वा वहिनी, मस्त! बोलत राहा," सुनीताच बाहेर आली असं धरून मी म्हणालो आणि मागे वळलो.

मागे कुणी नव्हतं. दार, कडी, कुलूप. कुलपावर धूळ. सुनीता दुसऱ्या दारातून चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. "मला हाक मारली का भाऊजी?"

मी दिलीपला विचारलं, "आत्ता कोण बोललं रे?"

"कोण बोललं? तूच काहीतरी म्हणालास ना?" त्याने शीट खाली ठेवली. "आई, काय झालं गं एवढं हसायला?"

मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय नाय," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

चहा झाला. मी बॅग भरून गाडीपाशी आलो. दिलीप मला द्यायला वावरात मेथी खुडत होता. मावशी एकट्याच चालत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काय ऐकलं?"

मी ऐकलं तसं सांगितलं. शब्दन् शब्द. 'चिंगे' म्हणताच त्यांनी पदर तोंडावर घेतला. माझ्याकडे बघत राहिल्या. मग घराकडे वळल्या.

नाशिक रोडला घरी येईपर्यंत मी त्याचा निकाल लावून टाकला होता – शेजारच्या वावरातली बाई असणार. पण सोमवारी सहज दिलीपला विचारलं, "तुमच्याकडे चिंगी कोण रे?" त्याला माहीत नव्हतं. त्याने निफाडला मामांना फोन लावला. मामा हसले म्हणे. "तुझी आईच की! लहानपणी एवढीशी होती म्हणून थोरली तिला चिंगी म्हणायची. बाकी कुणी म्हणालं तर मारायला धावायची. लग्नानंतर ते नाव मागेच पडलं."

थोरली म्हणजे मावशींची सख्खी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. ओट्यावरचं ते दुसरं दार थोरलीचं. त्या वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आता माझा स्वभाव. मी पुन्हा एका रविवारी तिथे गेलो, घरात न जाता. सगळ्यात जवळची वस्ती दोन वावरं सोडून. तिथून ओरडलेलं कानावर येतं, पण शब्द कळत नाहीत. रस्ता लांब. फोटोंवरची वेळ तपासली – मिटलेल्या ओठांचा फोटो आणि पहिला हसरा फोटो यांत जेमतेम पाऊण मिनिट. मनीषा म्हणाली, "दिलीपच्या तोंडून कधीतरी ऐकलं असशील ते नाव." पण दिलीपलाच ते ठाऊक नव्हतं! कान तपासून घेतले, तेही ठीक निघाले. आणि समजा मला भास झाला, तर त्याच क्षणी मावशी का हसल्या? दोन माणसांना एकच भास? आणि तिथेच उभ्या असलेल्या दिलीपला काहीच नाही?

ऑपरेशन नीट पार पडलं. मार्चमध्ये मी तो फोटो मोठा करून, फ्रेम लावून घेऊन गेलो. मावशींचा डावा गाल आत गेला होता, ओठ एका बाजूला ओढलेला. बोलणं समजत होतं, पण शब्द तुटत होते. मी इथे सलग लिहितोय. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ बघत बसल्या. मग दिलीपला म्हणाल्या, "दुकानातून साखर आण." घरात साखर होती, ते मी मगाशीच चहात पाहिलं होतं.

तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "नऊ वरीस ती माझ्याशी बोलली नाय."

मला आधी कळेना. त्यांनी मानेनेच पलीकडच्या भिंतीकडे दाखवलं.

"तिच्या सुनेची बहीण दिलीपला बायको करा म्हणत होती ती. दिलीप नाय म्हणला. मी पोराच्या बाजूनं बोलले. तेव्हापासून बंद. एका ओट्यावर राहायचो. रात्री तिचा खोकला इकडं ऐकू यायचा. आजारी पडली तेव्हा एकदा दारापर्यंत गेले मी... आन् परत आले. म्हटलं उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळीच रडारड ऐकू आली."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही परके," त्या म्हणाल्या. "आमचं तुम्हाला काय ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्हालाच विचारते, खरं सांगा. मी तर हसले, मला काय कळलंच नाय. तिच्या आवाजात राग होता का?"

आयुष्यात इतक्या नमुन्यांच्या रिपोर्टवर मी सह्या केल्यात, पण एखादं उत्तर देताना एवढा विचार कधी केला नसेल. डोळे मिटले आणि तो आवाज पुन्हा आठवला. घोगरा, मोठा, थोडा दमदाटीचा. धाकटीला चिडवताना थोरलीचा असतो तसा.

"नाही मावशी," मी म्हणालो. "राग अजिबात नव्हता."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली आणि पदराने फ्रेमची काच पुसायला घेतली.

मावशी आता बऱ्या आहेत, भाकरी कुस्करून खातात. दिलीप अजून म्हणतो की त्याने काहीच ऐकलं नाही, आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही. भुताखेतांवर माझा विश्वास बसला असंही नाही. पण मावशींना मी जे सांगितलं ते त्यांच्या समाधानासाठी सांगितलं नव्हतं. मी ऐकलं होतं. राग नव्हता.