सलग पुलाची तपासणी

"पुलाला हलायला जागा ठेवावी लागते, नाहीतर तो स्वतःच स्वतःला फोडतो," असं तो एकदा आपल्या धाकट्या भावाला म्हणाला होता. भाऊ तेव्हा त्याच्याच ऑफिसात नुकता लागला होता.

धाकटा त्याला दादा म्हणायचा, म्हणून सगळं ऑफिस त्याला दादा म्हणू लागलं. वयानं मोठी माणसंसुद्धा. स्वतःचं नाव गेलं आणि जे उरलं तेही धाकट्याच्या तोंडचं, हे दादाच्या मनात कुसळासारखं रुतून बसलेलं.

दादा महामार्गावरचे पूल आखायचा. उन्हात पूल लांबतो, थंडीत आखडतो. म्हणून तो प्रत्येक खांबापाशी रस्ता तोडायचा, मधे बोटभर फट ठेवायचा आणि खाली रबराची बेअरिंग, रस्ता सरकू देणारी जाड गादी, द्यायचा. त्याच्या पुलांवरून गाडी गेली की फटीफटीला धप्प आवाज होई. पूल बिनबोभाट उभे होते, आणि कुणी मान वळवून त्यांच्याकडे बघत नव्हतं.

धाकट्यानं दरीवरून वळत जाणारा पूल आखला. फट नाही, बेअरिंग नाही. खांब आणि वरचा रस्ता एकसंध ओतायचा. खांब मुद्दाम सडपातळ, रस्ता लांबला की त्याच्याबरोबर किंचित वाकणारे. त्या पुलाचं चित्र पेपरात आलं.

"बघितलंस का?" आईनं दादाला विचारलं. ती त्याच्याकडेच राहायची, धाकटा वरच्या मजल्यावर.

"बघितलं."

"तुझा कधी रे येणार पेपरात?"

"माझा यायचा म्हणजे आधी पडायला हवा, आई."

बायको ओट्याशी उभी होती. धाकटा चहा प्यायला आला तेव्हा तिनं विचारलं, "भावजी, खांब फार बारीक केलेत म्हणे?"

"तुमच्याकडे बघून केले, वहिनी. दिसायला बारीक, पण सगळं घर पेलतात."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आपल्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली होती, हे दादा आठवत राहिला. कपातला चहा निवला.

डिझाइन विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्या खुर्चीकडे दादा बरीच वर्षं डोळे लावून होता. पण मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, की हा पूल तपासणीतून निघाला की खुर्ची धाकट्याची. आणि तपासणी दिली होती दादाला.

तपासणीची ऑफिसात एक शिस्त होती. तपासणाऱ्याला फक्त नकाशे मिळत, गणित मिळत नसे. त्यानं पूल कॉम्प्युटरवर पहिल्यापासून स्वतः मांडायचा आणि निकाल लागेपर्यंत दोघांनी त्याविषयी अवाक्षर काढायचं नाही. भावांनी ती शिस्त घरीही पाळली. जिन्यात भेटले की ते पाण्याच्या टाकीबद्दल बोलत.

निकाल आला तेव्हा दादा पडद्याकडे बघतच राहिला. दोन खांबांमधल्या गाळ्याच्या मध्यावर सळई कमी पडत होती. चांगलीच कमी. त्यानं आकडे पुन्हा वाचले, चवीचवीनं. त्या संध्याकाळी त्याला भावाबद्दल माया वाटली, पडायला आलेल्या माणसाबद्दल वाटते तशी. येताना त्यानं भावाच्या मुलीसाठी फुगे आणले.

"आज काय विशेष?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. आणावेसे वाटले."

ती त्याच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत, धाकट्यासमोर, त्यानं कागद टेबलावर ठेवले. "मध्यावर सळई कमी आहे, साहेब. पूल असा जाऊ देता येणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "काय रे धाकट्या?"

धाकट्यानं कागद ओढून घेतले. आकडे चाळले, परत मागे गेला. पहिल्या पानावर दादानं मांडलेल्या पुलाची रेखाकृती होती. तिथं त्याचं बोट एका खांबाच्या डोक्यावर थांबलं.

दादानं त्या बोटाखाली पाहिलं आणि त्याचे कान तापले. तिथं एक बारीक वर्तुळ होतं. सांध्याची खूण. ती प्रत्येक खांबावर होती. जन्मभराच्या सवयीनं त्याच्या हातानं भावाचा सलग रस्ता खांबाखांबाशी तोडला होता. तुटलेल्या गाळ्याला सगळा भार एकट्यानं सोसावा लागतो, मध्यावर सळई कमी पडणारच. त्यानं भावाचा पूल तपासलाच नव्हता. स्वतःचा तपासला होता.

आता हा हसणार, दादाला वाटलं. हसावं त्यानं, मोठ्यानं हसावं. मग याचा उघडउघड राग करता येईल.

"साहेब," धाकटा म्हणाला, "दादानं मुद्दाम वाईटात वाईट धरलंय. समजा भूकंपात खांबावरचे जोड निकामी झाले, तर? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

"वा!" साहेब खूश झाले. "म्हणून तर मी तपासणी दादाकडे देतो. मग जोड शाबूत असताना पूल चालतो ना, दादा?"

धाकटा त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत चेष्टा नव्हती, विजय नव्हता. होती ती काळजी, आजारी माणसाला जिना उतरवताना असते तशी. सगळं याच्याकडेच. पूल याचा, हसू याच्यासाठी, आणि आता मनाचा मोठेपणाही याचाच. दादाला फक्त मान हलवायची होती.

त्यानं खिशातलं लाल पेन काढलं. पहिल्या पानावरचं पहिलं वर्तुळ खोडलं. मग दुसरं. मग पुढचं. सावकाश, एकही न सोडता.

"हे काय?" साहेब पुढे वाकले. "म्हणजे हे सांधे... चुकून?"

"दादा, राहू दे ना," धाकटा हळूच म्हणाला.

दादानं कागद साहेबांकडे सरकवला, पेनाला टोपण लावलं, खुर्ची टेबलाखाली नीट लोटली आणि तो खोलीबाहेर पडला.