धरणगावच्या अक्का

वडिलांचा स्मृतिभ्रंश घरी सांभाळणं झेपेना, म्हणून मी मेहरूणमधलं एक निवासी केंद्र पाहायला गेलो. व्यवस्थापक खोल्या दाखवत होते. व्हरांड्यात धरणगावहून आलेल्या एक अक्का नवऱ्याला केळं भरवत होत्या. मला म्हणाल्या, "खोल्या काय देखतस भाऊ? मानसंस्ना तोंड देखा."

तेवढ्यात त्यांचे यजमान उठून फाटकाकडे निघाले. "कापूस येचाले जानं शे!"

तिथल्या सेविकेने त्यांना अडवलं नाही. "चला आबा, मी बी येस," म्हणत तिने हात धरला. बागेत फेरी मारून दोघं हसत परतले. वडिलांना इथेच आणायचं, हे माझं तिथल्या तिथे ठरलं.

आबांनी अक्कांकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कोन शेतस, बाई?"

"शेजारीन," अक्का हसून म्हणाल्या आणि त्यांच्याजवळ सरकून बसल्या.